गुडघ्याच्या लिगामेंट शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची तयारी कशी करून घ्यावी

गुडघ्यातील एसीएल, म्हणजे अँटिरिअर क्रूशिएट लिगामेंट (दोन हाडांना आतून जोडणारा बंध), तुटल्याचे एमआरआयमध्ये दिसले आणि शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाच्या घरात तीन गोष्टींची चर्चा होते: तारीख कोणती, खर्च किती आणि दवाखान्यात किती दिवस राहावे लागणार. दुर्बिणीतून होणारी ही शस्त्रक्रिया बहुधा दीड-दोन तासांत आटोपते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. त्यानंतर नऊ महिने ते वर्षभर जे करायचे असते, त्याविषयी मात्र कोणी फारसे विचारत नाही. ती चौकशी रुग्णाने करण्याची वाट न पाहता आपणच शस्त्रक्रियेआधी तो विषय काढावा आणि नुसता काढून न थांबता रुग्णाकडून त्यातला शक्य तेवढा भाग करवून घ्यावा, यासाठी हा लेख आहे. तो प्रामुख्याने कोल्हापूर परिसरात नव्याने काम सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांसाठी लिहिला असला, तरी रुग्णाने किंवा त्याच्या घरच्यांनी वाचल्यास त्यांनाही उपयोगी पडावा. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनच्या सूचना अंतिम समजाव्यात.

समोर कोण बसले आहे, हे आधी ओळखावे

आपल्याकडे ही दुखापत घेऊन येणारे लोक ठरावीक वाटांनी येतात. पेठांमधल्या संघांतून शाहू स्टेडियमवर खेळणारा फुटबॉलपटू असतो, तालमीत मॅटवर किंवा तांबड्या मातीत पाय पिळला गेलेला मल्ल असतो, गावच्या संघाकडून कबड्डी खेळणारी मुलगी असते, आणि ज्याचा खेळाशी काही संबंध नाही असा, दुचाकीवरून घसरलेला शेतकरीही असतो. या चौघांना एकच छापील पत्रक देणे म्हणजे कोणालाच काही न सांगण्यासारखे आहे.

म्हणून पहिल्या भेटीत व्यायाम शिकवण्याची घाई करू नये. रुग्णाचा नेहमीचा दिवस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याच्याच तोंडून ऐकावा. झोपतो कुठे, गादीवर खाली की कॉटवर. शौचालय भारतीय पद्धतीचे आहे की कमोडचे. जेवायला खाली मांडी घालून बसतात का. घराच्या पायऱ्या किती उंच आहेत आणि त्यांना कठडा आहे का, हे सारे त्यातून कळते. जनावरे असलेल्या घरात तर एक प्रश्न हमखास विचारावा: धार कोण काढणार? उकिडवे बसून धार काढणे हे गुडघा पूर्ण वाकवून त्यावर भार देण्याचे काम आहे आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिने ते करता येत नाही. डेअरीला दूध घालण्याची वेळ चुकत नसते, त्यामुळे याची सोय आधी झाली नाही, तर तिसऱ्या आठवड्यात रुग्ण गोठ्यात बसलेला असतो आणि आपण त्याला दोष देत असतो.

सोबत कोण आले आहे, इकडेही लक्ष असावे. मल्लाच्या बाबतीत वस्तादांचा शब्द डॉक्टरांच्या शब्दाइतकाच, किंबहुना अधिक चालतो. त्यांना टाळण्यापेक्षा दुसऱ्या भेटीला सोबत आणण्यास सांगावे, मान देऊन समोर बसवावे आणि रुग्णाला जे सांगतो तेच त्यांनाही सांगावे. 'सहा महिन्यांत मैदान मारायचे' असे वस्तादांच्या मनात असेल आणि आपण नऊ महिने म्हणत असू, तर हा मतभेद शस्त्रक्रियेआधीच समोरासमोर मिटलेला बरा.

आत काय होणार आहे, हे साध्या शब्दांत

एसीएल मांडीच्या हाडाला नडगीच्या हाडाशी आतून जोडून ठेवते आणि नडगी पुढे सरकू देत नाही, तसेच गुडघा पिळला जात असताना त्याला आवर घालते. ती तुटल्यावर सरळ चालताना रुग्णाला फारसे जाणवत नाही, पण वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघा 'सटकतो'. शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा तुटलेले टोक शिवत नाहीत. रुग्णाच्याच शरीरातली शिर, म्हणजे टेंडन, घेऊन नवे लिगामेंट बसवतात. ही शिर मांडीच्या मागच्या स्नायूची असू शकते, वाटीखालची असू शकते किंवा घोट्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारीही असू शकते. ती कुठून घेणार आहेत, हे सर्जनकडून आधी विचारून घ्यावे, कारण शस्त्रक्रियेनंतर कुठे दुखणार आणि कोणता स्नायू सांभाळावा लागणार, हे त्यावर ठरते.

ग्राफ्ट, म्हणजे नव्या लिगामेंटसाठी घेतलेली ही शिर, बसवला म्हणजे लिगामेंट तयार झाले, असा बहुतेकांचा समज असतो. राधानगरी, गगनबावड्याकडच्या रुग्णाला भाताच्या रोपलावणीची आठवण करून दिली की खरी गोष्ट चटकन समजते. उपटून लावलेले रोप आधी मलूल होते आणि मूळ धरल्यावर पुन्हा उभारी घेते. ग्राफ्टचेही तसेच आहे: नव्या जागी त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, सुरुवातीचे काही आठवडे त्याची ताकद उलट कमी होते आणि नंतर अनेक महिन्यांत त्याचे हळूहळू लिगामेंटसारख्या ऊतीत रूपांतर होते. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ग्राफ्ट नाजूक असतो आणि नेमक्या त्याच काळात सूज उतरलेली, दुखणे थांबलेले, चालणे सुधारलेले असते. दुखत नाही म्हणून पळायला सुरुवात करण्याचा मोह तेव्हाच होतो. बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण हे मात्र शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या डोक्यात पक्के बसले पाहिजे.

काही रुग्ण विचारतात की व्यायामानेच भागणार नाही का. या प्रश्नाला हसून बगल देऊ नये. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लगेच शस्त्रक्रिया केलेला गट आणि आधी व्यायाम करून गरज पडल्यासच शस्त्रक्रिया केलेला गट, यांच्यात दोन वर्षांनी रुग्णांनी स्वतः नोंदवलेल्या गुडघ्याच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नव्हता. याचा अर्थ शस्त्रक्रिया नकोच असा नव्हे. वळणावळणाचा खेळ पुन्हा खेळायचा असेल, गुडघा वारंवार सटकत असेल किंवा सोबत मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातील दोन हाडांमधली कूर्चेची गादी, फाटला असेल, तर शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. निर्णय सर्जन आणि रुग्ण यांनी मिळून घ्यायचा असतो. आपण एवढेच दाखवून द्यावे की व्यायाम हा शस्त्रक्रियेची वाट पाहतानाचा वेळकाढूपणा नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत गुडघा कसा असावा

तारीख कॅलेंडर पाहून नव्हे तर गुडघा पाहून ठरावी, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केल्यास नंतर सांधा कायमचा आखडण्याचा धोका वाढतो. सूज उतरून गुडघा मोकळा व्हायला दुखापतीनंतर साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. फाटलेला मेनिस्कस मध्ये अडकून गुडघा सरळच होत नसेल किंवा एकाहून अधिक लिगामेंट तुटले असतील, तर गणित वेगळे असते. अशा रुग्णाला व्यायाम करत थांबवून न ठेवता ताबडतोब सर्जनकडे पाठवावे. अडकलेला गुडघा जोर लावून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होणे. बहुतेक रुग्णांना वाकवण्याची काळजी असते आणि सरळ करण्याकडे दुर्लक्ष होते. शस्त्रक्रियेपूर्वी जो गुडघा सरळ होत नाही, तो नंतर सरळ करणे फार कष्टाचे असते आणि चार-पाच अंशांची कसर राहिली तरी माणूस लंगडतो. घरी तपासण्याची सोपी रीत शिकवावी: कॉटवर पाय लांब करून बसावे, दोन्ही टाचांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा आणि दोन्ही गुडघ्यांच्या मागची पोकळी घरातल्या कोणीतरी बाजूने पाहावी. दुखरा गुडघा दुसऱ्याइतकाच खाली गेला पाहिजे. हीच स्थिती व्यायाम म्हणूनही वापरता येते: टाच टॉवेलवर, गुडघ्याखाली काहीही नाही, दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. याच्या नेमकी उलट गोष्ट घराघरांत होते, ती म्हणजे आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवणे. ती उशी घरच्यांनी मायेने ठेवलेली असते, म्हणून नियम त्यांच्याच समोर सांगावा: पाय उंचावायचा असेल तर उशी टाचेखाली आणि पोटरीखाली, गुडघ्याखाली कधीही नाही.

त्यानंतर मांडीचा पुढचा स्नायू. गुडघ्यात सूज असेपर्यंत मेंदूकडून या स्नायूला येणारा हुकूमच दबला जातो, त्यामुळे पैलवानाची मांडीही दोन आठवड्यांत सुकलेली दिसते. त्याला हे आवर्जून सांगावे, नाही तर तो आपली ताकद गेली म्हणून खचतो किंवा एकदम बैठका मारायला लागतो. सुरुवात पाय सरळ ठेवून मांडी आवळण्यापासून करावी. वाटी वर सरकलेली दिसली पाहिजे. पाच सेकंद आवळायचे, सोडायचे, असे दहा-पंधरा वेळा, आणि दिवसभरात अनेकदा. वाटी सरकते की नाही, यावर रुग्णाने स्वतःचे बोट ठेवून पाहावे. मग सरळ पाय उचलणे. यात पाय उचलताना गुडघा किंचितही वाकता कामा नये. तो वाकत असेल तर स्नायू अजून जागा झालेला नाही. गुडघा शांत असेल आणि सूज वाढत नसेल, तर खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीचा आधार घेऊन अर्धवट वाकणे, स्थिर सायकल, बाजूला पाय उचलणे, असे पुढे जाता येते. नॉर्वेतील २००९ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांच्या दुखऱ्या पायाच्या मांडीची ताकद दुसऱ्या पायापेक्षा २० टक्क्यांहून अधिक कमी होती, त्यांच्यात दोन वर्षांनंतरही ताकदीचा मोठा फरक टिकून राहिल्याचे आढळले. रुग्णाला टक्केवारी सांगावी की नाही, हे त्याच्याकडे पाहून ठरवावे. पण आज कमावलेली ताकद ऑपरेशननंतर उपयोगी पडते, एवढे सर्वांना सांगावे.

सुजेसाठी बर्फ कापडात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटे, पाय उंच ठेवणे आणि चालणे बेताचे ठेवणे पुरेसे असते. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर प्रमाण कमी करायचे, हा हिशेब रुग्णाला स्वतः करता आला पाहिजे. गरम शेक, जोरकस मालीश, हाडवैद्याकडून ओढून-पिळून घेणे आणि घट्ट लेपपट्टी या गोष्टींबद्दल स्पष्ट बोलावे. नुसते 'करू नका' म्हटले तर रुग्ण आपल्याला न सांगता करतो. ताज्या सुजेवर शेक-मालीश केल्याने सूज वाढते, सूज वाढली की मांडी सुकते, आणि लेपाने कातडीला फोड आले तर तारीखच पुढे जाते, अशी कारणे दिली की पटते.

कातडीचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. मातीत आणि मॅटवर सराव करणाऱ्या मल्लांना गजकर्ण, पुळ्या, खरचटलेल्या जखमा नेहमीच्याच असतात आणि त्या सांगण्यासारख्या आहेत असे त्यांना वाटत नाही. गुडघ्याच्या आसपास कातडीला संसर्ग असताना सांध्यात शस्त्रक्रिया करणे धोक्याचे असते. पहिल्याच भेटीत मांडीपासून पावलापर्यंत कातडी पाहावी, काही दिसल्यास उपचार लगेच सुरू होतील असे पाहावे आणि घरी ब्लेडने केस काढू नयेत, असे बजावावे. तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सिगारेट असेल तर किमान चार आठवडे आधी बंद करण्यास सांगावे, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम व ग्राफ्ट दोन्ही उशिरा भरतात. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे आणि कोणताही काढा किंवा चूर्ण चालू असल्यास ते सर्जन व भूलतज्ज्ञांच्या कानावर घालावे.

कुबड्या आणि घर

कुबड्या घेऊन चालणे शस्त्रक्रियेनंतर शिकवायचे म्हटले तर रुग्णाला एकाच वेळी वेदना, पट्टा, भीती आणि कुबड्या यांच्याशी झुंजावे लागते. म्हणून आधीच शिकवावे. कुबडीचा भार काखेत नव्हे तर तळहातावर. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांचे अंतर. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. हे तोंडाने सांगून भागत नाही. दवाखान्याच्या जिन्यावर प्रत्यक्ष चढवून-उतरवून घ्यावे.

घरात एका खोलीत, शक्यतो तळमजल्यावर, कॉट, हाताची खुर्ची आणि रात्री दिवा असावा. भारतीय शौचालय असल्यास कमोड खुर्ची आधीच आणून ठेवावी. ती भाड्यानेही मिळते. मोरीत ओल्या शहाबादी फरशीवर कुबडी घसरते, तेव्हा कोरडी चटई आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची ठेवावी. पायपुसणी आणि दारातल्या चपला बाजूला कराव्यात.

नदीकाठच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट. चिखली, आंबेवाडी किंवा शिरोळ तालुक्यातील रुग्णाची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल, तर पंचगंगेचे पाणी वाढल्यावर तो कुठे राहणार, हे विचारून घ्यावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्गही बंद पडला होता. कुबड्यांवर असलेल्या माणसाने रात्रीतून घर सोडणे सोपे नाही. त्याने शहरातल्या पाहुण्यांकडे राहण्याची व्यवस्था करावी किंवा, सर्जनची हरकत नसल्यास, तारीख पावसाळ्यानंतरची घ्यावी. चंदगड, आजरा, शाहूवाडीकडून एसटीने येणाऱ्यांना आठवड्यातून तीनदा फिजिओला बोलावणे व्यवहार्य नसते; त्यांच्यासाठी जवळच्या गावातला फिजिओ शोधून आधीच बोलून ठेवावे आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर पाहावे. दवाखान्याने सांगितलेल्या खर्चात नंतरची फिजिओथेरपी धरली आहे का, हेही रुग्णाने विचारावे. बहुधा धरलेली नसते, आणि पैसे संपल्यामुळे दुसऱ्या महिन्यात येणे बंद करणारे रुग्ण थोडे नाहीत.

पहिल्या दिवसांतले धक्के

जे आधी सांगितलेले असते, त्याची भीती वाटत नाही. पायाच्या मज्जातंतूजवळ भूल (नर्व्ह ब्लॉक) दिली असेल तर पाय काही तास बधिर राहतो. तेवढ्या वेळात कोणाच्या आधाराशिवाय उभे राहायचे नाही. भूल उतरताना दुखणे एकदम वाढते, म्हणून गोळ्या ठरल्या वेळी घ्याव्यात, दुखायला लागण्याची वाट पाहू नये. मांडीमागची शिर घेतली असेल तर मांडीच्या मागे आणि नडगीवर घोट्यापर्यंत काळे-निळे पडते. नडगीच्या वरच्या भागाची बाहेरची बाजू बधिर वाटू शकते. तिथल्या कातडीची बारीक नस शस्त्रक्रियेत दुखावलेली असते आणि हा बधिरपणा महिनोन्महिने, क्वचित कायमही राहतो. रुग्ण पहिल्या आठवड्यात थकतो, चिडतो, रडतोही, हे घरच्यांना माहीत असावे.

पोटरी दुखून सुजणे, ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू येणे, गोळ्यांनीही न थांबणारी वेदना, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी सर्जनला कळवायचे. छातीत दुखणे किंवा दम लागणे यासाठी तर सरळ तातडीच्या विभागात जायचे. ही लक्षणे रुग्णापेक्षा त्याच्यासोबत राहणाऱ्या माणसाला पाठ असावीत.

महिन्यांचा हिशेब

रुग्णाला तारखांऐवजी पायऱ्या सांगाव्यात, आणि वेळ अंदाजाने. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होणे आणि साधारण ९० अंशांपर्यंत वाकणे. लंगडणे थांबल्यावरच कुबड्या सोडणे, ज्याला दोन ते चार आठवडे लागतात. ताकद पुरेशी आली तर तीन-चार महिन्यांच्या सुमारास हलके पळणे. मेनिस्कस शिवला तर चार ते सहा आठवडे भार आणि वाकवणे यांवर मर्यादा येते, आणि हे पुष्कळदा दुर्बीण आत गेल्यावरच ठरते. ही शक्यता आधी सांगितलेली नसेल, तर रुग्णाला वाटते की ऑपरेशन बिघडले. बैठे काम दोन-तीन आठवड्यांत सुरू होऊ शकते, दुचाकी सर्जनच्या परवानगीनंतरच, आणि ऊसतोडणी किंवा ओझी वाहणे अनेक महिने नाही. गळीत हंगामात घरची तोड असेल तर मजुरांची बोलणी आधीच करावी.

खेळाडूला नऊ महिन्यांची अट समजावताना थोडा वेळ द्यावा. अमेरिकेतील डेलावेअर आणि नॉर्वेतील ऑस्लो इथल्या संशोधकांच्या डेलावेअर-ऑस्लो गटाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवले, तितका प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा दर सुमारे निम्म्याने कमी झालेला दिसला. नऊ महिने पुरे झाले म्हणून मैदान खुले होत नाही. दोन्ही पायांची ताकद आणि उड्यांच्या चाचण्यांत दुखरा पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के भरला पाहिजे आणि मनातली धास्ती गेली पाहिजे. फुटबॉलपटूला एक हंगाम जाणार, हे शस्त्रक्रियेआधीच सांगून टाकावे. तो नाराज होईल, पण सहाव्या महिन्यात संघाचा आग्रह झाल्यावर उत्तर देण्यासाठी त्याच्याकडे काहीतरी असेल. मुलींना अशा खेळांत ही दुखापत मुलांपेक्षा अधिक होते, म्हणून उडी मारून उतरण्याची आणि वळण्याची योग्य पद्धत शिकवणे हा त्यांच्या पुनर्वसनाचा अनिवार्य भाग समजावा.

समजले का, हे कसे ओळखावे

'समजले का?' असे विचारले की कोल्हापूरचा माणूस 'व्हय, समजलं' म्हणतो, कारण नाही म्हणणे त्याला डॉक्टरांचा अवमान वाटतो. म्हणून प्रश्न उलटा विचारावा: 'घरी गेल्यावर आईला काय सांगणार?' किंवा 'तुमच्या मित्राचे हेच ऑपरेशन असते, तर उशीबद्दल त्याला काय सांगितले असते?' जे तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकत नाही, ते पुन्हा सांगावे, पण एका भेटीत तीन-चार मुद्द्यांपलीकडे जाऊ नये. व्यायामाचे चित्रीकरण रुग्णाच्याच मोबाइलवर, त्याच्याच पायाचे करून द्यावे. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून लोक भलत्याच टप्प्याचे व्यायाम सुरू करतात. फाइलमध्ये मराठीत, मोठ्या अक्षरांत एक कागद असावा: आजचे व्यायाम, काय करायचे नाही, कोणती लक्षणे दिसल्यास कोणाला फोन करायचा.

शेवटची भेट शस्त्रक्रियेच्या दोन-तीन दिवस आधी ठेवावी. त्या दिवशी नवे काही शिकवू नये. टाच टॉवेलवर ठेवून गुडघा पाहावा, सरळ पाय उचलायला सांगावा, लंगडत आहे का ते पाहावे, जिना चढवावा आणि कातडी पुन्हा एकदा तपासावी. दोन्ही गुडघ्यांची मापे लिहून ठेवावीत, कारण नंतरची प्रगती त्यांच्याशीच ताडायची असते. उपाशी राहण्याच्या वेळा भूलतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे लिहून घेतल्या आहेत का, हेही विचारावे. गुडघा अजून सरळ होत नसेल, सूज तशीच असेल किंवा कातडीवर ताजी पुळी दिसली, तर रुग्णाला 'होईल काहीतरी' असे सांगून पाठवू नये. त्याच्यासमोरच सर्जनला फोन लावावा आणि तारीख बदलायची का, हे त्या फोनवरच ठरवून घ्यावे.